‘रेज बेट’मधली कुत्री

१ डिसेंबर २०२५ ला ऑक्सफर्डने त्या वर्षाचा शब्द म्हणून ‘रेज बेट’ जाहीर केला. हे तर दोन शब्द झाले, ही शंका पहिल्यांदा येते. ऑक्सफर्डने तिचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे: अर्थ एकच, म्हणून शब्दही एकच. ठीक.

अर्थ फोडून सांगायची गरज नाही. आमच्या घरच्या ग्रुपवर मावशीने परवा एक रील टाकली. त्यात एक पोरगा कुकरला पोहे लावतो, तीन शिट्ट्या काढतो आणि त्या लगद्यावर टोमॅटो सॉसची धार धरतो. मावशीने रीलखाली तीनदा लिहिले, “अहो, पोहे भिजवतात, शिजवत नाहीत!” शिवाय ती आम्हा सगळ्यांना पाठवली. पोहे कसे करतात हे त्या पोराला मावशीइतकेच ठाऊक असणार. त्याला पोहे नकोच होते, मावशी हवी होती.

‘रेज’ला आपण सरळ संताप म्हणतो, पण फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या ‘रॅबीज’मध्ये आहे. होय, कुत्रा चावल्यावर ज्याची इंजेक्शने घ्यावी लागतात, तोच रेबीज. ‘बेट’ हा जुन्या नॉर्स भाषेतला. चावणे या अर्थाच्या ‘बाइट’चा सख्खा भाऊ. त्याचा एक जुना अर्थ चावायला लावणे, म्हणजे अंगावर कुत्री सोडणे. म्हणजे पहिल्या शब्दात पिसाळलेले कुत्रे, दुसऱ्या शब्दात सोडलेले.

‘बेट’ म्हटले की हल्ली डोळ्यांपुढे गळ आणि मासा येतो. मला मात्र लंडनचा बँकसाइड आठवतो. थेम्सच्या दक्षिण काठावर शेक्सपिअरची नाटके चालत, त्याच परिसरात अस्वलांचे आखाडे होते. अस्वल खांबाला साखळदंडाने बांधायचे, त्याच्यावर मॅस्टिफ जातीची कुत्री सोडायची आणि लोकांनी पैसे मोजून ते बघायचे. या खेळाचे नावच ‘बेअर-बेटिंग’. सॅकरसन नावाचे अस्वल इतके गाजले की शेक्सपिअरने त्याला एका नाटकात नावानिशी आणले. १६१४ मध्ये सुरू झालेल्या ‘होप’ थिएटरात तर रंगमंच काढता-घालता येई. कधी नाटक, कधी अस्वल. त्याआधी, १५८३ च्या जानेवारीत, तेही रविवारीच, आखाड्याचा प्रेक्षकांनी खच्चून भरलेला एक सज्जा कोसळला आणि माणसे मेली. सुट्टीच्या पवित्र दिवशी असले खेळ बघितल्याची ही शिक्षा, असे प्युरिटनांनी ठणकावून सांगितले. खेळ चालूच राहिला; कायद्याने बंदी यायला १८३५ उजाडले. बेअर गार्डन्स नावाची गल्ली आजही तिथे आहे.

म्हणून गळापेक्षा हा आखाडा मला जास्त पटतो. मासा निदान एकदाच फसतो. आखाड्यात कुत्री रोज तीच, भुंकणे रोज तेच, आणि गल्ला दारावरच्या माणसाचा. आजच्या आखाड्यातही हेच: फेसबुकने २०१७ पासून इमोजी-प्रतिक्रियांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले होते, लालबुंद रागीट चेहऱ्यालाही. तो चेहरा शून्यावर यायला २०२० साल लागले. त्या हिशेबात मावशीच्या वैतागाचा भाव तिच्या कौतुकाच्या पाचपट होता.

शब्द तसा जुना आहे. २००२ मध्ये इंटरनेटवरच्या एका चर्चेत तो रस्त्यावरच्या प्रसंगाबद्दल आला होता: मागचा गाडीवाला पुढे जायला दिव्यांची उघडझाप करतो आणि पुढच्याचे डोके फिरते. घाटात गाडी चालवणाऱ्याला याचे भाषांतर लागणार नाही.

तसे ते लागतेच कशाला? ‘संतापाचे आमिष’ असे काहीतरी आता छापून येईल. आमिष म्हणजे मुळात मांस, त्यामुळे शब्द चुकीचा नाही; पण बोलताना कोण म्हणणार? आपल्याकडे डिवचणे आहे, चिथावणी आहे, आणि काड्या करणे तर आहेच. गंमत म्हणजे ‘बाइट’ आणि ‘बेट’ यांचे मूळ आणि संस्कृतातल्या ‘भिद्’चे मूळ एकच. साम, दाम, दंड यांच्यानंतर येणारा भेद, तो या घराण्यातला.

हे सगळे मी मावशीला फोनवर सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “ते सगळं खरं रे, पण तीन शिट्ट्या?”