फितीवरचा धवला

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली व्हीएचएस चित्रफीत घेऊन आली. "सर, ही लागेल का?" फीत तिच्या आत्याच्या लग्नाची, १९९१ सालची. त्या लग्नात तिची पणजी धवलारीण म्हणून गायली होती. आगरी लग्नात विधींसोबत धवले गाणारी ही स्त्री. तिची गाणी तोंडपाठ असतात. पणजी आता हयात नाही, आणि तिचा आवाज घरात फक्त या फितीवर आहे.

फितीच्या खिडकीतून पाहिले तर गुंडाळीवर पांढरी बुरशी! मोरा बंदराची हवा वर्षभर दमट. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे फीत कशी सुटेल? मी म्हणालो, "आज लावायची नाही." कारण अशीच घरची एक फीत मी पूर्वी घाईने लावली होती. बुरशी वाचकशीर्षात अडकली, फीत चुरगळली आणि काही मिनिटांचे चित्रण कायमचे गेले.

फीत इतकी नाजूक का, हे समजायला थोडे गणित करू. चित्राच्या संकेतात सेकंदाला ४० लाखांहून अधिक कंपने नोंदवावी लागतात. त्यासाठी फीत आणि शीर्ष यांच्यातील सापेक्ष वेग सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर हवा. फीत तेवढ्या वेगाने सरळ पळवली, तर तीन तासांना किती लागेल? ४.८५ × १०,८०० म्हणजे ५२ किलोमीटरहून जास्त! जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेल्या व्हीएचएस पद्धतीत यावर उपाय आहे. फीत सेकंदाला केवळ २.३४ सेंटिमीटर सरकते. पण शीर्षे बसवलेला ६२ मिलिमीटर व्यासाचा पिंप सेकंदाला २५ वेळा फिरतो आणि फितीवर तिरप्या रेघा ओढतो. त्यामुळे तीन तासांचे काम सुमारे २५३ मीटर फितीत भागते.

आता वेगाला कंप्रतेने भागा. फितीवरच्या चुंबकीय तरंगाची लांबी येते जेमतेम १ मायक्रोमीटर. शीर्ष फितीपासून दूर गेले की संकेत घातांकी वेगाने घटतो. एका तरंगलांबीएवढे अंतर पडले, तर तो पाचशेव्या भागाहूनही कमी उरतो. बुरशीचे तंतू काही मायक्रोमीटर जाड असतात. पडद्यावर पांढऱ्या रेघा का चमकतात, ते आता कळेल.

दुसरा शत्रू ओलावा. पॉलिएस्टरच्या पट्टीवर चुंबकीय कण चिकटवून ठेवणारे द्रव्य बहुधा पॉलियुरेथेन असते. पाण्याची वाफ शोषून त्याचे रासायनिक बंध हळूहळू तुटतात, फीत चिकट होते. म्हणजे नुसती कपाटात ठेवलेली फीतही खराब होतच असते.

आम्ही ती फीत सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली. बुरशी वाळून भुकटी झाल्यावर नाकातोंडाला फडके बांधून, उघड्यावर, मऊ ब्रशने ती झाडली. (बुरशीचे बीजाणू श्वासात जाऊ देऊ नयेत, हे काम मोठ्या माणसांनीच करावे.) मग एका जुन्या, निकामी झाले तरी चालेल अशा यंत्रात फीत पुढे-मागे गुंडाळली. चांगल्या यंत्राची शीर्षे स्वच्छ करून त्यात ती शेवटी लावली. चांगली यंत्रे आता दुर्मीळ आहेत; जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये त्यांचे उत्पादन थांबवले.

अनेकांना वाटते, चांगली प्रत संगणकात तयार होते. खरे पाहता ती आधी यंत्रात ठरते. पिंपाची गती किंचित हलली की चित्रातील उभ्या रेषा नागमोडी होतात. म्हणून मध्ये काल-सुधारक मंडल लागते. ते चित्राची प्रत्येक ओळ क्षणभर साठवून ठरलेल्या वेळी, म्हणजे ६४ मायक्रोसेकंदांनी, पुढे सोडते. प्रकाश आणि रंग यांचे संकेत वेगळे ठेवणारी एस-व्हिडिओ जोडणी मिळाली तर उत्तम.

मग येते अंकीकरण. यात संकेताची उंची सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा मोजली जाते. व्हीएचएसच्या चित्रात सुमारे ३० लाख कंपनांपुढचा तपशील मुळात नसतोच. नमुने कंप्रतेच्या दुपटीहून अधिक असले की पुरते. म्हणून ७२० × ५७६ बिंदूंचे चित्र पुरेसे आहे. त्याहून मोठे चित्र केल्याने फाइल फुगते, तपशील वाढत नाही. प्रत्येक बिंदूला दोन बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली तर तासाला सुमारे ७५ गिगाबाइट होतात. माहिती न गमावता दाबले, तर साधारण निम्मे. ही मूळ प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि मोबाइलवर पाहायची लहान प्रत तिच्यावरून करावी. लहान प्रतीवरून मोठी कधीच होत नाही.

फीत चालू झाली. चित्र फिके होते, पण आवाज लागला. साधा ध्वनिमार्ग फितीच्या कडेला, संथ वेगाने मुद्रित होतो. त्यामुळे तीव्र स्वर बोथट होतात, मानवी आवाज मात्र कळतो. मांडवातल्या गलक्यातून पणजीचा धवला ऐकू आला. एके ठिकाणी फितीची कड वाकली होती, तिथे दोन ओळी बुडाल्या. विद्यार्थिनीची आजी शेजारीच बसली होती. सासूच्या त्या दोन ओळी तिने म्हणून दाखवल्या, आणि नातीने त्या वहीत उतरवल्या. वहीचे ते पान आता फाइलींसोबत आहे. मूळ फीतही आम्ही टाकलेली नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरी किंवा शेजारी अशी फीत आहे का? असेल तर लावू नका. आधी खिडकीतून नीट पाहा आणि कोरड्या डब्यात उभी ठेवा. त्यावर कोण दिसते, कोण बोलते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा.

आणि हे गणित करून पाहा: पिंपाचा व्यास ६२ मिलिमीटर, फेरे सेकंदाला २५, तर त्याच्या कडेचा वेग किती? उत्तर ४.८५ पेक्षा किंचित जास्त येईल. तो फरक कुठून आला, हे फितीच्या वेगाकडे पाहून शोधा.