चिरा, कौल आणि काँक्रीटचा पट्टा

दापोली तालुक्यातल्या एका वाडीत घर उभं राहतंय. भिंती चिऱ्याच्या, वर मंगलोरी कौलं आणि या दोहोंच्या मध्ये सळ्या घातलेला काँक्रीटचा पट्टा. गवंडी गावातलेच, नकाशा पुण्याच्या एका वास्तुरचनाकार बाईंचा. त्या त्यांना काका म्हणतात, ते त्यांना मॅडम.

चिरा खाणीतून निघतो तेव्हा ओलसर, मऊ असतो. पात्याने सहज कापला जातो आणि हवा लागली की हळूहळू घट्ट होत जातो. म्हणून ताजा माल काका भिंतीत लावत नाहीत. आवारातल्या जुन्या थप्पीतला एकेक चिरा ते हातोडीने वाजवून बघतात. आवाज बद्द आला, किंवा अंगावर पिवळ्या मातीने भरलेली मोठी भोकं दिसली, की तो कुंपणासाठी बाजूला. कोपऱ्याचा चिरा ओळंब्यात आला की दोरी ताणायची, मग मधले बसवायचे, खालच्या थराचा सांधा मोडत. चिरा पाणी पितो, आणि ते त्याला तितक्याच सहज बाहेर टाकता आलं पाहिजे. त्यामुळे बाहेरून सिमेंटचा गिलावा नाही, फक्त दरजा भरायच्या. भिंतीला भिजू द्यायचं नाही, हे काम छपराचं.

इथे वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तरीही कोकणात गावोगाव सपाट स्लॅबची घरं झाली. काही पावसाळ्यांनी स्लॅब गळू लागतो, मग त्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा घालतात. मुंबईला राबून साठवलेल्या पैशांतून माणूस एकाच घराला दोन छपरं घालतो. उन्हाळ्यात दिवसभर तापलेला तो स्लॅब रात्रीही झोपू देत नाही. हे बघून मला फार वाईट वाटतं, कारण उतरत्या छपराचं शहाणपण याच मातीत होतं.

पण जुन्या छपराचं दुखणंही खरं आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडात घरंच्या घरं उघडी पडली. पत्रे उडाले तशी कौलंही उडाली. कौल रिपेवर नुसतं अडकवलेलं असतं, आणि कित्येक घरांत वासाही भिंतीवर आपल्या वजनानेच टेकलेला. वळचण लांब असली की पाऊस भिंतीपासून दूर राहतो, मात्र त्याच वळचणीखाली वारा शिरतो आणि छप्पर वर उचलतो. पावसाला जे हवं, ते वादळात घात करतं.

इथे तो पट्टा कामाला येतो. चारही भिंतींवरून तो सलग फिरवलाय आणि ओततानाच त्यात बोल्ट उभे केलेत. त्या बोल्टांनी लाकडी तुळई आवळायची, तुळईला वासे, आणि कडेच्या कौलांच्या ओळी तारेने रिपांना बांधायच्या. भूकंपात चारही भिंती एकमेकींना धरून राहतात, तेही याच पट्ट्यामुळे. 1967 चा कोयनेचा भूकंप आठवणारी माणसं या भागात अजून आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

खरा वाद झाला पडवीवरून. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा पडवी तिकडेच हवी, यावर दोघांचं एकमत. काकांना मुख्य छपराचेच वासे खाली उतरवून पडवी झाकायची होती, जुन्या घरांत असते तशी. बाईंचं म्हणणं, पडवी तिन्ही बाजूंनी उघडी, वारा पहिल्यांदा तिथेच शिरणार. वासे एकच असले तर पडवीबरोबर घराचं छप्परही जाईल. पडवीचं छप्पर वेगळं ठेवायचं.

"मॅडम, मग त्या सांध्यात पाणी घुसणार," काका म्हणाले.

हेही बरोबरच होतं. शेवटी पडवीचं छप्पर वीतभर खाली घ्यायचं ठरलं. मुख्य वळचण त्याच्यावर पुढे येईल, आणि भिंतीलगत पत्र्याची वाकवलेली पट्टी दरजेत खोचून पाणी कौलांवर वळवायचं. पट्टी कुठल्या थरात खोचायची, ते काकांनी लगेच भिंतीवर खडूने आखून दिलं.