श्वास घेणे नव्हे, सोडणे अवघड

जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला मोठी आग लागली. धूर काही दिवस मानखुर्द-गोवंडीवर पसरला होता आणि परिसरातील पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा धुराचा सर्वांत जास्त त्रास होतो तो आधीच धाप लागणाऱ्या आजी-आजोबांना.

या वयातील धापेचे एक प्रमुख कारण म्हणजे सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार. तो केवळ विडी-सिगारेटने होतो असे नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मधील लेखात चुलीच्या धुराकडेही लक्ष वेधले होते.

या आजारात नेमके काय होते? आपण स्वतःच अनुभवून पाहू. (दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी हे करू नये, चक्कर वाटली तर थांबावे.) छातीभर श्वास घ्या. त्यातला थोडासाच सोडा आणि लगेच पुन्हा घ्या. असे चार वेळा करा. छाती भरलेली असूनही हवा पुरत नाही असे वाटते ना?

रुग्णाची अवस्था अशीच असते. फुप्फुसांचा लवचीकपणा कमी झालेला असतो, बारीक श्वासनलिका उच्छ्वासाच्या वेळी मिटतात आणि जुनी हवा आतच अडकते. मग नव्या हवेला जागा कुठली?

म्हणून धाप लागली की घाईने श्वास ओढू नये. खुर्चीत पुढे झुकून हातांचा भार मांड्यांवर द्यावा. दोन अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठांचा चंबू करून चार अंक मोजत सावकाश सोडावा. त्यामुळे नळ्यांतील दाब टिकतो, त्या उघड्या राहतात आणि अडकलेली हवा बाहेर पडते.

याने आजार बरा होत नाही. डॉक्टरांनी दिलेला पंप नियमित घ्यावा; त्याची ‘सवय लागते’ हा गैरसमज आहे. धूम्रपान बंद करावे, झेपेल तितके रोज चालावे, फ्लूच्या लशीबद्दल विचारावे. धुराच्या दिवशी खिडक्या लावून घरात थांबावे आणि घरात उदबत्ती, मच्छरअगरबत्ती पेटवू नये. ओठ निळसर झाले, एक वाक्यही सलग बोलता येईना किंवा रुग्ण गुंगीत गेला, तर मात्र फुंकर मोजत न बसता तडक रुग्णालय गाठावे.

श्वसनसंस्थेचा पाठ शिकवाल त्या दिवशी मुलांना ही फुंकर जरूर शिकवा. संध्याकाळी ती घरी आजीपर्यंत पोहोचेल.