फडकं निवडताना : सुती, टेरिकॉट की मायक्रोफायबर?

पुसण्याच्या फडक्याला तीन कामं असतात. सांडलेलं शोषून घ्यायचं, चिकटलेलं घासून सोडवायचं आणि उचललेली घाण दुसरीकडे न पसरवता धरून ठेवायची. तिन्ही कामं सारखीच चांगली करणारं कापड नाही. कोणतं कापड काय करेल हे त्याच्या धाग्यावर आणि विणीवर ठरतं, रंगावर किंवा पाकिटावरच्या जाहिरातीवर नाही.

घरोघरच्या फडक्यांत मुख्यतः दोनच धागे असतात, कापसाचा आणि पॉलिएस्टरचा. बुटीबोरीत हे दोन्ही धागे शेजारी-शेजारी आहेत. नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रस्त्यावरच्या या गावाभोवती विदर्भाची काळी जमीन आणि कपाशीची शेतं आहेत. इथून त्याच महामार्गाने पुढे गेलं की हिंगणघाट ही कापसाची जुनी बाजारपेठ लागते. गावाला लागून असलेल्या एमआयडीसीत इंडोरामाचा पॉलिएस्टरचा मोठा कारखाना आहे. एक धागा शेतातून येतो, दुसरा खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून. पाण्याशी त्यांचं वागणं अगदी उलट आहे.

कापसाचा तंतू म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. तो आतून पोकळ असतो आणि पाणी त्याच्या अंगात शिरतं. साधारण दमट हवेत नुसतं ठेवलेलं सुती कापडही आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून असतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. शिवाय कापूस ओला झाला की कमजोर होत नाही, उलट जास्त मजबूत होतो. म्हणूनच सुती फडकं वर्षानुवर्षं पिळलं, आपटलं, उकळलं तरी टिकतं.

मात्र कोरं सुती कापड पाणी लवकर पीत नाही. त्यावर विणताना दिलेली खळ असते, आणि धागा नीट धुतलेला नसेल तर कापसाचं नैसर्गिक मेणही शिल्लक असतं. नवा पंचा पहिल्या दिवशी ओटा पुसताना पाणी नुसतं पुढे ढकलतो, याचं कारण हेच. गरम पाणी आणि साबणाने तीन-चार धुणी झाली की तो कामाचा होतो. जुनं धोतर, मऊ झालेली सुती साडी, विरलेली चादर यांची फडकी उत्तम ठरतात ती याचमुळे : खळ आणि मेण निघून गेलेलं असतं आणि सुटणारे तंतूही आधीच सुटून गेलेले असतात. काचेचे पेले पुसताना कोऱ्या कापडाचे तंतू चिकटतात, जुन्या मलमलीचे चिकटत नाहीत. घरात असं कापड असताना बाजारातून सुती फडकी विकत आणण्याचं खरोखर कारण नाही.

विणीचाही विचार करायला हवा. पातळ, सपाट विणीचं कापड लवकर वाळतं, म्हणून भांडी कोरडी करायला आणि ओट्यावर तेच बरं. टर्किश टॉवेलच्या फासांमध्ये पाणी भरपूर मावतं. दूध सांडलं, पावसाचं पाणी खिडकीतून आत आलं, तर तुकडा टर्किशचाच हवा. पण तो वाळायला वेळ लागतो, त्यामुळे रोज ओट्यावर पडून राहणारं फडकं टर्किशचं नसावं. जुन्या गंजीचं होजिअरी कापड मऊ आणि ताणलं जाणारं असतं. चप्पल-बुटांना पॉलिश करणं, पितळेची समई किंवा देवाची भांडी चमकवणं, यासाठी त्याला तोड नाही.

आता घरातलं बरंचसं जुनं कापड सुती राहिलेलं नाही, ही खरी अडचण आहे. टेरिकॉटचे शर्ट, पॉलिएस्टरच्या साड्या, सिंथेटिक चादरी यांची फडकी पाणी पसरवतात. कापड ओळखायची सोपी परीक्षा म्हणजे थेंब. धुऊन वाळवलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब सोडावा. तो लगेच जिरला तर फडकं होईल, मण्यासारखा बसून राहिला तर नाही. अधिक खात्री हवी असेल तर एक धागा उपसून चिमट्यात धरावा आणि स्टीलच्या ताटलीवर काडी लावावी. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि बोटाने चुरडली जाणारी मऊ राख राहते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक गुठळी उरते. टेरिकॉटमध्ये दोन्ही धागे मिसळलेले असल्याने दोन्हींची खूण दिसते.

ही परीक्षा स्वयंपाकघरात जिवाशी निगडित आहे. कढई किंवा तवा उतरवायला सिंथेटिक कापड कधीच वापरू नये. पॉलिएस्टर साधारण २५० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं आणि कोरडा तापलेला तवा तिथवर पोहोचू शकतो. वितळलेलं कापड कातडीला चिकटलं तर भाजणं फार खोल जातं. तिथे जाड, कोरडं सुती कापडच हवं. ओलंही नको, कारण ओल्या कापडातून उष्णता झटकन हातापर्यंत येते.

मग मायक्रोफायबर, तेही बहुधा पॉलिएस्टरचंच, इतकं चांगलं पुसतं कसं? उत्तर धाग्याच्या बारीकपणात आहे. ज्याच्या ९,००० मीटर लांबीचं वजन १ ग्रॅमपेक्षाही कमी भरतं, तो मायक्रोफायबर. पुसण्याच्या चांगल्या कापडात पॉलिएस्टरबरोबर नायलॉन असतं, बहुतेकदा ८० आणि २० टक्के या प्रमाणात, आणि प्रत्येक धागा उभा चिरून त्याचे टोकदार कडांचे बारीक तंतू केलेले असतात. तंतू स्वतः पाणी पीत नाहीत, पण त्यांच्यामधल्या असंख्य फटी पाणी आणि तेलकटपणा ओढून घेतात, आणि कडा धूळ खरवडून धरतात. धूळ टिपायला ते कोरडंच वापरावं. आरसा, मोबाइल, टीव्ही, मोटारीची काच यांवर सुती कापडापेक्षा ते सरस आहे, हे मान्य करायला हवं. अशी दोन-तीन कापडं घरात पुरतात.

ती धुताना मात्र जपावं लागतं. कपडे मऊ करणारं कंडिशनर त्या फटी बुजवतं, ब्लीच नायलॉन खराब करतं, आणि सुती कपड्यांबरोबर धुतलं तर त्यांचे तंतू हे कापड धरून ठेवतं. शिवाय प्रत्येक धुण्यात प्लास्टिकचे बारीक तंतू सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून ती वेगळी आणि गरज असेल तेव्हाच धुवावीत.

स्वच्छतेच्या दृष्टीने फडक्याच्या जातीइतकंच त्याचं वाळणं महत्त्वाचं आहे. नळाला गुंडाळून ठेवलेलं ओलं, खरकटं फडकं जंतूंना मानवतं. त्याने पुसलेला ओटा चकचकीत दिसतो, स्वच्छ नसतो. नागपूरकडच्या उन्हाळ्यात फडकं तासाभरात खडखडीत वाळतं. पावसाळ्यात तसं होत नाही, तेव्हा रोज दोन-तीन पातळ फडकी आलटून-पालटून वापरावीत आणि सुती फडकी अधूनमधून धुण्याचा सोडा घालून उकळावीत. ओटा, जेवणाचं टेबल, फरशी आणि संडास-बाथरूम यांची कापडं वेगळी हवीत, रंगही वेगळे, म्हणजे घरात कोणीही हात घातला तरी गल्लत होत नाही. फडकं ब्लीचमध्ये भिजवलं असेल तर त्यात संडास साफ करायचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पुसण्याची रीतही सोपी आहे. चौकोनी फडक्याची दोनदा घडी घातली की आठ बाजू मिळतात. एक मळली की दुसरी पुढे घ्यायची. बोळा करून पुसलं तर तीच घाण खोलीभर फिरते.

वर्कशॉपमध्ये यंत्राचं तेल पुसलेल्या चिंध्या घरच्या धुण्यात आणू नयेत. त्यांत धातूचे कण अडकलेले असतात. जवसाच्या तेलाने लाकूड पुसलेलं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल हवेत सुकताना उष्णता सोडतं आणि ढिगाऱ्यातलं कापड आपोआप पेट घेऊ शकतं. ते मोकळ्या जागी दोरीवर पसरून वाळवावं, मगच टाकावं.