माणूस विसरणारच, पण चूक गिऱ्हाईकापर्यंत जायलाच हवी का?



समजा, चांदवडला घरामागच्या शेडमध्ये तुम्ही कांदा पावडर पॅक करता. चार ताई कामाला आहेत. नाशिकच्या दुकानदाराला माल गेला आणि दोन पाकिटांवर तारखेचं स्टिकरच नाही. अख्खा माल परत! तुम्ही काय करणार? ओरडणार, "लक्ष कुठं असतं तुमचं?" आठ दिवस काम नीट होईल. नवव्या दिवशी पुन्हा तेच.

आता ही गोष्ट बघा. १९६१ साली जपानच्या यामादा इलेक्ट्रिकमध्ये एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवायच्या असत. कामगार कधीतरी एक विसरायचे. शिगेओ शिंगो या इंजिनिअरनं सांगितलं, आधी दोन स्प्रिंग बशीत काढा, मग बसवा. बशीत स्प्रिंग उरली, की चूक तिथल्या तिथं कळते. खर्च किती? एक बशी!

या पद्धतीला आधी 'बाका-योके' म्हणत. 'बाका' म्हणजे मूर्ख. ते ऐकून एका कारखान्यात एक कामगार मुलगी रडू लागली. मग १९६३ मध्ये नाव बदलून 'पोका-योके' झालं, म्हणजे नकळत होणारी चूक टाळणं. माणूस मूर्ख नसतो हो, तो विसरतो.

मग आपल्या शेडमध्ये काय करायचं?

१. एका खोक्यात २० पाकिटं, तर ताटलीत मोजून २० स्टिकर काढा. खोकं भरलं की ताटली रिकामी हवी. उरलं एखादं, तर खोकं बंद करायचं नाही.

२. १०० ग्रॅमची २० पाकिटं बरोबर भरलेलं एक खोकं तोला. तो आकडा काट्याशेजारी भिंतीवर लिहा. पाकीट कमी पडलं, तर काटाच सांगेल.

३. तारखेची उरलेली स्टिकरं संध्याकाळी फाडून टाका. जुनं स्टिकर टेबलावरच नसेल, तर लागणार कसं?

आणि एक महत्त्वाचं. स्टिकर उरलं म्हणून ताईंवर ओरडलात, तर पुढच्या वेळी ते गुपचूप कचऱ्यात जाईल आणि चूक गिऱ्हाईकाकडे. जिनं सांगितलं, तिला आधी शाबासकी द्या.

आज रात्री वहीत एकच चूक लिहा, जी तुमच्याकडे वारंवार होते. समोर माणसाचं नाव लिहू नका. तिथं 'ताटली' कुठं ठेवता येईल, ते लिहा.