गाव हलले, पत्ता उरला! संकेतस्थळावरील हरवलेल्या पानांची वाट

आंबेगाव तालुक्याला ज्या गावावरून नाव मिळाले, ते मूळ आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. ‘आंबेगावला जायचे आहे’ असे सांगणारा परगावचा माणूस एसटीतून उतरला, तर त्याचे नेमके काम काय, हे विचारून कोणीतरी त्याला योग्य रस्त्याला लावतो. इंटरनेटवर मात्र असा वाटाड्या आपोआप भेटत नाही. संकेतस्थळाच्या मालकाला तो नेमावा लागतो. तो नसेल, तर जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला ‘४०४, पान सापडले नाही’ एवढाच रूक्ष निरोप मिळतो.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. शेजारच्या जुन्नर तालुक्यात शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट पाहण्यासाठी येणारे अनेक पर्यटक मुक्कामाची चौकशी आधी इंटरनेटवर करतात. समजा, तेथील एखाद्या कृषिपर्यटन केंद्राने आपले जुने संकेतस्थळ नव्याने बांधून घेतले. मांडणी देखणी झाली, पण प्रत्येक पानाचा पत्ता बदलला. गुगलच्या यादीत, इतरांच्या लेखांत, ग्राहकांच्या जुन्या ई-मेलमध्ये मात्र पूर्वीचेच पत्ते आहेत. त्यांवरून येणाऱ्याला दार बंद दिसते आणि तो दुसरीकडे वळतो. मालकाला त्याची चाहूलही लागत नाही.

यावरचा उपाय वेब सर्व्हरच्या रचनेतच असतो. वाचकाचा ब्राउजर एखादे पान मागतो, तेव्हा सर्व्हर मजकुराबरोबर तीन आकडी संकेतांकही धाडतो. २०० म्हणजे पान मिळाले. ४०४ म्हणजे या पत्त्यावर काही सापडले नाही. ४१० म्हणजे पान होते, पण आता कायमचे काढून टाकले आहे. ३०१ म्हणजे पान कायमचे नव्या पत्त्यावर गेले आहे आणि ३०२ म्हणजे ते तात्पुरते हलवले आहे. शेवटच्या दोन संकेतांकांबरोबर नवा पत्ताही येतो व ब्राउजर क्षणार्धात तिकडे वळतो. स्थलांतरितांची पत्रे टपाल खाते नव्या घरी धाडते, तसाच हा प्रकार. यालाच ‘रीडायरेक्ट’ म्हणतात.

‘अपाची’ या सर्व्हरमध्ये ही सूचना ‘डॉट एचटीॲक्सेस’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिता येते. एका ओळीत ‘रीडायरेक्ट’ हा शब्द, ३०१ हा आकडा, जुना मार्ग आणि नवा मार्ग, एवढे पुरते. शेकडो पाने एकाच धर्तीवर हलली असतील, तर ‘रीडायरेक्टमॅच’ वापरून सर्वांसाठी एकच नियम करता येतो. ‘एन्जिनएक्स’ हा सर्व्हर मात्र ही फाइल वाचतच नाही. तेथे नियम मुख्य रचना-फाइलमध्येच द्यावे लागतात. सर्व्हर बदलल्यावर जुने नियम अचानक निकामी होतात, त्याचे एक कारण हेच.

येथे एक मोह टाळायला हवा. हरवलेल्या प्रत्येक पानावरून वाचकाला सरसकट मुखपृष्ठावर नेणे सोपे असते, पण ती दिशाभूल ठरते. मुक्कामाचे दर पाहायला आलेल्याला स्वागताचा मजकूर दिसला, तर त्याचे काम अडलेलेच राहते. गुगलही अशा वळणाला बहुधा ‘सॉफ्ट ४०४’ समजते, म्हणजे पान नसल्यातच जमा करते. ज्या पानाला खरोखर पर्याय आहे, त्यालाच वळण द्यावे. बाकीच्यांसाठी प्रामाणिक ४०४ द्यावा, मात्र त्या पानावर मराठीत दोन ओळी, शोधपेटी आणि महत्त्वाचे दुवे असावेत. ‘अपाची’त यासाठी ‘एररडॉक्युमेंट’ ही सूचना आहे. तिच्यात संकेतस्थळाअंतर्गत मार्गच द्यावा. ‘एचटीटीपी’पासून पूर्ण पत्ता दिला, तर ४०४ऐवजी ३०२ जातो आणि पान हरवल्याची खूणच पुसली जाते.

देवनागरी पत्त्यांची आणखी एक गोम आहे. ‘जुन्नर’ हा शब्द पत्त्यात आला, की त्यातील सहा चिन्हे टक्केवारीच्या खुणांसह ५४ अक्षरांत पाठवली जातात. ‘रीडायरेक्टमॅच’ मात्र उलगडलेल्या रूपाशी तुलना करतो. त्यामुळे टक्क्यांची ती लांबलचक माळ जशीच्या तशी नियमात डकवली, तर नियम लागू होत नाही.

संकेतस्थळाचे नावच बदलते तेव्हा जबाबदारी वाढते. सातबारा दाखवणारे ‘महाभूलेख’ पूर्वी महाराष्ट्र शासनाच्या मुख्य नावाखाली होते, नंतर ते ‘महाभूमी’ या नावाखाली गेले. पुणे जिल्ह्याचे संकेतस्थळही ‘एनआयसी’च्या नावावरून ‘गव्ह’च्या नावावर आले. अशा प्रत्येक स्थलांतरानंतर जुना पत्ता कुठल्यातरी कागदावर, वहीत किंवा फलकावर उरतोच. वळण किमान वर्षभर ठेवावे, असा गुगलचा सल्ला आहे. वाचकांच्या दृष्टीने ते कायम राहिलेले बरे. त्यासाठी जुन्या नावाचे नूतनीकरण चुकता कामा नये. सोडून दिलेले खासगी नाव कोणीही विकत घेऊ शकतो आणि मग जुन्या विश्वासाने येणारा वाचक भलत्याच्याच हाती सापडतो.

अमेरिकेतील ‘प्यू रिसर्च सेंटर’ने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेब पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी तर १९९८ मध्येच पत्ते बदलू नयेत, असे बजावले होते.

तरीही बदलावे लागलेच, तर जुन्या पानांची यादी आधी करावी, प्रत्येकासमोर नवा पत्ता लिहावा आणि वळण प्रथम ३०२ने तपासून मगच ३०१ करावे. कारण ब्राउजर ३०१ लक्षात ठेवतात आणि झालेली चूकही तितकीच चिकटून बसते. त्यानंतर सर्व्हरच्या नोंदवहीतील ४०४च्या ओळी दर आठवड्याला चाळाव्यात. कोणता वाचक कोणत्या दारावरून परत गेला, हे तेथेच कळते.