ताटावरचं बोलणं

रमजानचे पहिले चार-पाच रोजे झाले की पेपरात लहान मुलांचे फोटो दिसू लागतात. गळ्यात हार, डोक्यावर टोपी नाहीतर जरीची ओढणी, आणि खाली एक ओळ: सहा वर्षांच्या चिमुकलीनं केला पहिला रोजा. मला ते फोटो आवडतात. घरात सणासारखं असतं, शेजारच्या काकू खाऊ घेऊन येतात, दादी दहा वेळा नजर उतरवते. मात्र ज्या मुलाचा रोजा दुपारी मोडला, त्याचा फोटो कुठंच येत नाही. आज त्या मुलाबद्दल लिहायचं आहे, कारण उंद्रीत ते मूल मी होते.

१९९० सालचा रमजान मार्चच्या शेवटी सुरू झाला होता. मी चौथीत. उंद्री म्हणजे चिखली तालुक्यातलं, खामगाव रस्त्यावरचं आमचं गाव. एप्रिलचं ऊन इकडे कसं असतं ते बुलढाणा जिल्ह्याच्या वाचकाला सांगायला नको. रोजा मुलांवर फर्ज नसतो, वयात आल्यावरच तो बंधनकारक होतो. पण चुलत भावंडांनी ठेवला म्हणून मीही हट्टानं ठेवला. दुपारी सगळे झोपले तेव्हा कोठीच्या खोलीत गेले, गुळाच्या ढेपेचा एक खडा मोडला आणि अंधारात उभ्यानं खाल्ला. भावानं पाहिलं.

संध्याकाळी दस्तरखान मांडला. खजुराचं ताट फिरत माझ्याजवळ आलं, तेव्हा बडे अब्बा, म्हणजे माझे मोठे काका, हसत म्हणाले, "हिला नका देऊ, हिची इफ्तारी दुपारीच झाली." सगळे हसले. अम्मीही हसली. त्या दिवसापासून माझं नाव ‘रोजाखोर’ पडलं. रोजा न ठेवणाऱ्याला चिडवायचा हा आमच्यातला जुना शब्द आहे. पोरं दोन दिवसांत विसरली असती, पण मोठी माणसं विसरली नाहीत. ईदेला शीरखुर्म्याची दुसरी वाटी मागितली की तोच शब्द. कुणाच्या लग्नात पंगतीत बसले की तोच शब्द, आणि त्यावर हशा.

कुणी मला मारलं नाही. उपाशी ठेवलं नाही. बडे अब्बांनीच दरवर्षी ईदेचे कपडे घेतले, दहावीनंतर पुढं शिकवायचा हट्टही त्यांनीच धरला. म्हणून तर ही गोष्ट सांगणं अवघड आहे. मार खाल्लेल्या पोराच्या अंगावर वळ असतात, ते दाखवता येतात. मी काय दाखवणार होते?

मी एवढंच शिकले की लोकांसमोर थोडं खायचं आणि कोठीत जास्त. सासरी माझं कौतुक झालं, सून चिमणीएवढं खाते म्हणून. रात्री सगळे झोपले की मी स्वयंपाकघरात जायची. दिवा लावायची नाही. गार पोळ्या, डब्यातली शेव, मुलांची बिस्किटं, उरलेलं सालन, जे हाताला लागेल ते घाईनं, उभ्यानं, पोट दुखेपर्यंत. चव कळत नसे. मग रिकामं पाकीट कचऱ्यात खाली दाबायचं, आणि उद्या दिवसभर काही खायचं नाही असं ठरवून झोपायचं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

रमजानमध्ये हे जास्त व्हायचं, आणि लपायचंही सहज. दिवसभर न खाण्याला तर इज्जतच होती. तरावीहच्या नमाजीला पुरुष मशिदीत गेले की घर दीड तास मोकळं मिळायचं.

चाळिशी ओलांडल्यावर शुगर तपासायला गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वजन पाहिलं, रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "एकट्या असता तेव्हा किती खाता?" हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी रडले. त्यांनी सांगितलं की याला नाव आहे. थोड्या वेळात, भूक नसताना, ताबा सुटल्यासारखं खूप खाणं. लाजेपोटी एकटं खाणं. नंतर स्वतःची किळस येणं. हे आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने चालू राहिलं तर मानसोपचारात तो आजार धरतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली आपल्या आजारांच्या यादीत त्याला स्वतंत्र जागा दिली. त्यांचा दुसरा प्रश्न होता, "लहानपणी जेवताना घरात काय बोललं जायचं?"

हा प्रश्न उगाच नव्हता. अमेरिकेत सॅन दिएगो शहरात १९८५ च्या सुमारास डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी वजन कमी करण्याचं केंद्र चालवत होते. त्यांना कोडं पडलं की ज्यांचं वजन छान उतरतंय, तीच माणसं उपचार सोडून जातात. त्यांनी अशा २८६ जणांना बोलतं केलं, तेव्हा वजनाच्या मागून बालपण बाहेर आलं. अनेकांच्या लहानपणी छळ झालेला होता. त्यातून डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासोबत १७ हजारांहून अधिक प्रौढांचा मोठा अभ्यास उभा राहिला. त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ साली छापून आले. त्यात मारहाण आणि लैंगिक अत्याचारांबरोबर आणखी एक गोष्ट विचारली होती: घरातलं मोठं माणूस तुम्हाला शिव्या देई का, अपमान करी का, कमी लेखी का? बालपणी असे चार किंवा अधिक प्रकारचे आघात झालेल्यांत तीव्र लठ्ठपणाचं प्रमाण सुमारे दीडपट निघालं. पुढं अनेक देशांतल्या अभ्यासांत बोलण्यानं झालेल्या जखमेचं आणि मोठेपणी बिघडलेल्या खाण्याचं नातं पुन्हा पुन्हा दिसलं. खूप खाणं, खाऊन ओकून टाकणं, अन्न जवळजवळ सोडूनच देणं, सगळंच त्यात आलं.

आपल्याकडचे आकडे हवेत? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र त्यात होता. दर दुसऱ्या मुलानं मानसिक छळ सांगितला, मुलींनी आणि मुलग्यांनी जवळपास सारखाच. आणि तो करणारे ८३ टक्के वेळा आईवडीलच होते. ४८.४ टक्के मुलींना आपण मुलगा असतो तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

त्या टक्केवारीतली एक मुलगी कशी असेल, ते सातारा जिल्ह्यानं दाखवलं. मुलगाच हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचं नाव ‘नकुसा’ ठेवायचं, म्हणजे नको असलेली. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथं समारंभ करून २८५ मुलींना नवी नावं दिली. शाळेत हजेरी घेताना रोज सकाळी त्यांना आपण नको आहोत हे ऐकावं लागत होतं. त्या समारंभाची बातमी वाचली तेव्हा मला त्या मुलींच्या ताटाचाच विचार आला होता. जी नको आहे, तिनं दुसरी भाकर कशी मागायची?

आणि आपली भाषा बघा. प्रेमानं ‘जेव’ म्हणतो, रागानं ‘गिळ’. ‘गिळायला ये’, ‘किती हादडतोस’, ‘भस्म्या झालाय का’, ‘बकासुर कुठला’. शेजारच्या हिंदू घरातून हे मला ऐकू यायचं, त्यांना आमच्या घरातून ‘ठूस ले’ ऐकू येत असणार. त्या घरातली माझी मैत्रीण जाड नव्हतीच, तरी तिला ‘ढोली’ म्हणत. मग तिनं सोमवार, चतुर्थी, गुरुवार असे उपास धरले. लोक म्हणाले, पोरगी देवभोळी आहे. तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं की देवाचा त्यात काही संबंध नव्हता.

बोलण्यातून खाणं बिघडतं कसं, हे डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. मुलाला राग येतो, लाज वाटते, भीती वाटते, तेव्हा त्या भावनेचं काय करायचं हे ते मोठ्यांकडून शिकतं. जिथं मोठं माणूसच ती लाज देतं, तिथं मूल ती गिळतं. पोटातली कालवाकालव भुकेची की अपमानाची, हे त्याला ओळखू येईनासं होतं. जर्मनीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या डॉ. हिल्डे ब्रूख यांनी ही भूक न ओळखण्याची गोष्ट अर्धशतकापूर्वीच मांडली होती. अन्न काही मिनिटं मन बधिर करतं. मग चिडवणाऱ्याचा आवाज आत सुरू होतो, आता तो आपलाच असतो. त्याला शिक्षा म्हणून उपाशी राहायचं, आणि उपाशी पोट रात्री पुन्हा कोठीकडं नेतं.

चिडवलेलं प्रत्येक मूल असं होत नाही. माझ्या त्याच भावंडांत कुणाला काही झालं नाही. स्वभाव, रक्तातून आलेलं, घरातली गरिबी, बाहेरची चार मायेची माणसं, अशा बऱ्याच गोष्टी यात असतात. म्हणून कुणी लगेच आईवडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये. माझी अम्मी हसली, कारण जेठांसमोर न हसण्याची तिची हिंमत नव्हती.

मनाचं दुखणं म्हटलं की आपल्या जिल्ह्यात सैलानीचं नाव आधी निघतं. हिंदू-मुसलमान दोघंही तिथं श्रद्धेनं जातात. पण रात्री उठून खाणाऱ्या बाईला तिथंही कुणी नेत नाही, कारण तिला दुखणं आहे असंच कुणाला वाटत नाही. वाटतं ते हावरट आहे म्हणून. मला चांगले आठ महिने उपचार लागले. गोळी थोडी, बोलणं जास्त. सगळ्यात कठीण काम कोणतं दिलं असेल? दिवसा, बसून, सगळ्यांसमोर, ठरल्या वेळी पोटभर जेवायचं. आणि त्या वर्षी रोजे नाहीत.

त्यावर घरात गहजब झाला. खरं तर आजारी माणसाला रोजा माफ आहे. बरं झाल्यावर भरून काढता येतो, तेही जमणार नसेल तर फिदिया म्हणजे गरिबाला जेवण देता येतं. मौलाना साहेबांना विचारलं, त्यांनी एका वाक्यात परवानगी दिली. पण माफी असणं वेगळं आणि लोकांसमोर खाणं वेगळं. ज्या दिवसांत बाईला रोजा माफच असतो, त्या दिवसांतही घरातल्या पुरुषांना कळू नये म्हणून आमच्या कितीतरी बायका भांड्यांच्या आडोशाला दोन घास खातात, हे बहुतेक पुरुषांना माहीतही नसेल. खाण्याशी असं भांडण असलेल्या कुणीही, रोजा असो वा नवरात्र, डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये. कुणाशी बोलायचं हे कळत नसेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८. शाळेतल्या बोलण्याबद्दल तर कायदाच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारण्याबरोबर मानसिक छळावरही बंदी घातली आहे. घरातल्या दस्तरखानापर्यंत ते कलम पोहोचत नाही.

तिथं काय पोहोचावं, ते आमच्याकडे आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे दहा वर्षं काम केलेल्या अनस यांनी सांगून ठेवलंय की त्या काळात आपल्याला एकदाही झिडकारलं गेलं नाही. अनस आले तेव्हा पोरसवदा होते. हदीसमध्ये अशीही नोंद आहे की आशुराच्या रोज्याला मुलं भुकेनं रडू लागली की मदिनेतल्या बाया त्यांना लोकरीचं खेळणं देऊन रमवत. हे बयान आम्ही दर रमजानला ऐकतो, मान डोलावतो, आणि घरी येऊन इफ्तारीच्या आधी भज्याला हात लावणाऱ्या पोरावर ओरडतो. मीही ओरडले आहे. माझ्या मुलाला एकदा तोच शब्द माझ्या तोंडून ऐकावा लागला. बोलून झाल्यावर मलाच कापरं भरलं.

मागच्या आठवड्यात उंद्रीला गेले होते. भर दुपार, घर सामसूम. पाणी घ्यायला मागे गेले तर कोठीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत बडे अब्बा. वय ऐंशीच्या घरात, दोन वेळा इन्सुलिन. डॉक्टरांनी दोन वर्षांपासून रोजे बंद केलेत. धान्याच्या पोत्याआड, भिंतीकडे तोंड करून, ताटली मांडीवर घेऊन ते घाईघाईनं पोळी खात होते. मला पाहून घास तसाच राहिला. ताटली झाकायला हात पुढं आला.

मी बाहेरून पाट आणला, तांब्या भरून ठेवला, दार पूर्ण उघडलं. "खाओ, बडे अब्बा. आरामसे." आणि समोर बसले.

ते काही वेळ माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना गूळ आठवला की नाही, मी विचारलं नाही. मग म्हणाले, जरा मीठ दे. चव पाहिली, भाजी खरंच अळणी झाली होती.